नवा राजवाडा शेवटी बघा

कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेलाच. अंबाबाई, मिसळ, नवा राजवाडा, संध्याकाळी रंकाळा. टाऊन हॉल म्हटलं की "ती बाग ना?" आणि सीपीआरमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, हौसेनं जातंय कोण?

मी माझ्याकडं येणाऱ्यांना उलटं सांगतो. आधी टाऊन हॉल, मग समोरचं सीपीआर, राजवाडा सगळ्यात शेवटी. तिन्हींचे आराखडे एकाच माणसाचे, इंग्रज वास्तुकार मेजर चार्ल्स मँटचे. टाऊन हॉल १८७२ ते ७६ मधला, अस्सल गॉथिक. टोकदार कमानी, उभ्या चढाची छपरं, निमुळते मनोरे. पुढं १८७७ ते ८४ राजवाड्याचं काम चाललं, आणि तिथं बघाल तर घुमट, छत्र्या, महिरपी. हात तोच, पण किती वळलाय! थेट राजवाडा गाठणाऱ्याला हे कळतच नाही. तो घड्याळाच्या मनोऱ्यापुढं सेल्फी काढतो आणि पांढऱ्या रश्श्याकडं वळतो.

खरी गंमत पुढंच आहे. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या दौऱ्यावरून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथल्या त्यांच्या छत्रीचा, म्हणजे घुमटाच्या स्मारकाचा, आराखडाही मँटचाच, १८७४ सालचा. म्हणजे इटलीत आपला घुमट, आणि त्याच वर्षांत आपल्या गावात विलायती टोकं! मला ही अदलाबदल लई आवडते. पुरा झालेला राजवाडा मात्र मँटला बघायला मिळाला नाही. तो १८८१ मध्येच गेला.

यांना सरसकट 'इंग्रजांच्या इमारती' म्हटलं की माझं डोकं उठतं. कोल्हापूर संस्थान होतं. आराखडा साहेबाचा असेल, राजवाडा छत्रपतींचा आहे.

टाऊन हॉलच्या आत संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटीशी ब्राँझची मूर्ती तिथं आहे. पंचगंगेकाठी समुद्राचा देव! दुसऱ्या शहरात असती तर चौकाचौकात तिचे फलक लागले असते. आपल्याकडं चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, आणि तेही कधी या दगडी कमानी झाकूनच.

सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. आणि सीपीआरच्या आवारात मोबाईल छपराकडं धरा, पेशंटांकडं नको.