खाती उघडली, पण सावकारी संपली का?

चोपडा तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय: धर्मादाय संस्थेच्या अनुदानातून बायाबापड्यांची बँक खाती उघडली आणि गावातली सावकारी संपली. खाती उघडली, हे खरं. पुढचं वाक्य त्यावरून सिद्ध होत नाही.

जनधन योजनेत २८ ऑगस्ट २०१४ पासून शून्य शिल्लकीवर खाती उघडतातच. मग अनुदानाने जास्तीचं काय झालं? ते कळायला अनुदान न मिळालेल्या तशाच गावांशी तुलना करावी लागते. अशा तुलनेवर बेतलेले सहा देशांतले सूक्ष्मकर्जाचे, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांचे, अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यातला एक हैदराबादचा. निष्कर्ष एवढाच, की थोडा फायदा झाला, आयुष्य पालटलं नाही.

परवा एका मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढून दाखवलं. आत एकच ओळ छापलेली, खातं उघडल्याच्या दिवसाची. कपाशीचं बियाणं मात्र त्यांनी यंदाही उधारीवरच आणलंय. मला फार लागलं ते. संस्थेचं काम मोलाचं आहे, म्हणूनच खात्यांचा आकडा पुरेसा मानू नका. पेरणीला पैसे कुठून आणले आणि किती व्याजाने, हे घरोघरी विचारा.