कानात प्लग घातला म्हणून आराधना आटत नाही

चर्चच्या आराधनेत ड्रम वाजवणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: बायबलमधलं स्तोत्र 150 मोठ्याने वाजवायला सांगतं, देवासाठी वाजवणाऱ्याचे कान देव राखतो, आवाज कमी करायला कानात प्लग घालणारा मंडळीपासून तुटतो, आणि उपासनेनंतर कानात वाजणारी शिटी सोमवारपर्यंत जातेच. मी सतरा वर्षं मराठी मंडळीत ड्रम वाजवतोय. नवी पोरं हे खरं मानतात, त्याने जीव तुटतो.

शिटीपासून सुरू करतो, कारण ती माझ्या कानात आहे. माझीही सोमवारपर्यंत जायची. एका रविवारनंतर गेलीच नाही. रात्री पंखा बंद केला की डाव्या कानात, म्हणजे हाय-हॅटच्या (पायाने वाजणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला, लांब कुठेतरी कुकर लावल्यासारखा आवाज. ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावर, माझी रेघ नीट चालत येते आणि 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरते. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाची ही ओळखीची खूण. आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शिटी थांबली म्हणजे कान भरून आला, असंही नाही. 2009 साली शेरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं, की ऐकणं पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले कितीतरी सांधे कायमचे गेलेले असतात.

‘देव राखतो’ हे मीही मानतो. पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हे सैतानाचं बोलणं होतं, आणि देवाची परीक्षा पाहू नको, हे येशूचं उत्तर. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (22:8) तर नवं घर बांधलंस की धाब्याला कठडा कर, अशी आज्ञाच आहे. कठडा बांधणाऱ्याला कोणी अविश्वासी म्हणत नाही.

स्तोत्र 150 मधल्या झांजा खणखणीत वाजवायच्याच आहेत. पण बायबलच्या त्या प्रदेशात उत्खननात सापडलेल्या काशाच्या झांजा बहुतेक तळहाताएवढ्या, आपल्या टाळांच्या जातीच्या. क्रॅश नावाची अठरा इंची झांज, वर पीओपीचं छत, एसीसाठी बंद खिडक्या, हा आपला मामला वेगळा. दाविदाने झांजा ज्याच्या हाती दिल्या तो आसाफ. स्तोत्रसंहितेतली बारा स्तोत्रं त्याच्या नावावर आहेत. वाजवणाऱ्याला ऐकूही यावं लागतं.

तुटल्यासारखं वाटतं, ही तक्रार मात्र खरी आहे. फोमचे स्वस्त प्लग वरचे सूर जास्त खातात, झांज मडक्यात वाजल्यासारखी येते, मग हात आणखी जोरात पडतो. पहिले तीन रविवार मीही वैतागलो होतो. त्यावर वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळे सूर जवळपास सारखेच उतरवतात. हिशोब बघा. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेच्या मर्यादेनुसार 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास चालतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला 15 मिनिटं. ड्रमच्या स्टुलावर तेवढा आवाज सहज होतो, आणि आपली स्तुतीची दोन गाणी झाली की 15 मिनिटं संपली. नीट बसलेल्या प्लगने 15 डेसिबल उतरवले, की त्याच स्टुलावर 8 तास. प्रार्थनेला आणि वचनाला मी प्लग काढून ठेवतो.

कोणी म्हणेल, आमच्याकडे ड्रमपुढे अॅक्रिलिकची पारदर्शक भिंत आहे. ती समोरच्यांसाठी. तुमचा आवाज तुमच्याच अंगावर परत येतो. मागे जाड गोधडी टांगा, आणि प्लग घालाच.

शनिवारी माझ्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा शिकायला येतो. स्टिकच्या पिशवीतली प्लगची डबी तो आधी उघडतो, मगच मी त्याला स्टुलावर बसू देतो.