चाळिशीत कुमितेची घाई नको
“वय आडवं येत नाही, पहिल्याच महिन्यात कुमितेला उभे राहा” हे चाळिशीत कराटे सुरू करण्यावरच्या लेखातलं वाक्य अर्धंच बरोबर आहे. कुमिते म्हणजे जोडीदाराशी समोरासमोर लढत. क्योकुशिन या कराटेच्या प्रकारात हाताने चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, पण मांडीवरची लाथ पूर्ण ताकदीने बसते. आणि चाळिशीत गुडघा जातो तो बरेचदा स्वतःच्याच लाथेने. मावाशी गेरी, म्हणजे बाजूने गोल फिरवलेली लाथ, मारताना टेकलेल्या पायाची टाच समोरच्याकडे वळली नाही, तर कंबर फिरते आणि गुडघा तिथंच पिळला जातो. घामाने तळवा मॅटला चिकटला की हमखास! आधी तीन महिने फक्त पॅडवर, हळू. नडगीचा खालचा भाग लागला पाहिजे, बोटं नाही.

आणि मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी पत्र्याच्या शेडखाली सराव नका करू बाप्पा. पहाटे साडेपाचला या, मीठ घातलेलं लिंबूपाणी सोबत ठेवा.