धुऱ्यावरचा बिंदू

निर्देशक भूमिती सोपी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या नववीच्या वर्गात येऊन पाहावं. आधी एक्स, मग वाय. आधी आडवं चालायचं, मग उभं चढायचं. तरी (२, ५) म्हटलं की अर्धा वर्ग (५, २) वर जाऊन बसतो. का रे? तर, "इथं मोकळं होतं, सर."

दोन संख्यांनी बिंदूची जागा सांगायची ही युक्ती रेने देकार्तनं १६३७ साली पुस्तकात छापली. अंथरुणात पडल्या पडल्या छतावरची माशी पाहून ती सुचली, अशी दंतकथा आहे. माशा आमच्याकडेही भरपूर आहेत. पडून राहायची सोय तेवढी नाही.

आलेख कागदावर काही जमेना, तेव्हा मैदानात चुन्यानं दोन अक्ष आखले आणि म्हटलं, "हे वावर समजा." पोट्टे एकदम जागे झाले. घरी दोरी ताणून चौफुलीवर सरकी टोबणाऱ्यांना उभ्या-आडव्या ओळी मी काय शिकवणार! (४, ३) वर पोरगा अचूक उभा राहिला. त्यालाच (−३, २) वर जायला सांगितलं, तर तो वाय अक्षापाशी अडला.

"जा ना पुढं."

"कसा जाऊ, सर? धुऱ्यापल्याड मोठ्या बाबाचं वावर हाय. बोलनं बंद हाय आमचं."

दोन अक्षांनी पाडलेले चार भाग, म्हणजे चार चरण, ही चार भावांची वाटणी, हे मग न शिकवताच कळलं. तिसऱ्या चरणात दोन्ही संख्या ऋण, म्हणजे तो हिस्सा धाकट्याला गेला असणार, यावर एकमत झालं. चरण घड्याळाच्या उलट दिशेनं मोजायचे, हे मात्र पटेना. "देवळात अशी फेरी मारली तं आजी रागावते, सर."

खरा तंटा (०, ४) वर पेटला. अक्षावरचा बिंदू कोणत्याच चरणात नसतो, असं मी सांगितलं आणि वर्ग खवळला.

"धुऱ्यावरची बाभूळ कोनाचीच नाही? असं कसं?"

"ज्यानं लावली त्याची."

"आन सावली आमच्या पऱ्हाटीवर पडते, त्याचं काय?"

"तलाठ्याले बोलवा!"

आरंभबिंदूवर, म्हणजे दोन अक्ष छेदतात तिथं, उभी असलेली मुलगी एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, "भांडू नका. इथं विहीर खोदा, चौघांलेही पानी पुरते." गणिताच्या तासाला मी ऐकलेला हा सगळ्यात शहाणा प्रस्ताव. पण भाऊबंदकीत असल्या प्रस्तावाचं जे होतं तेच झालं: विहिरीवर मोटर कोणाची, यावरून दुसरा वाद लागला आणि तास संपला.

चाचणीत मुद्दाम विचारलं: (०, ४) हा बिंदू कोणत्या चरणात आहे? एकानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, "सरकारी मोजणी झाल्यावर कळेल."

निदान तो दुसऱ्याच्या हद्दीत शिरला नव्हता, म्हणून मी अर्धा गुण दिला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत हजर. उरलेला अर्धा कोणाच्या हिश्श्यात गेला, ते विचारायला.