सोळा की अठरा, आणि फिर्याद कुणाची?

सत्र न्यायालयात बंद दाराआड साक्ष चालली होती. घटनेच्या वेळी मुलगी सोळा वर्षं अकरा महिन्यांची, मुलगा वीसचा. गाव एकच, जात वेगळी. याहून जास्त सांगणार नाही, पीडितेची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. ती स्वच्छ म्हणाली, "मला कुणी फूस लावली नाही. मीच त्याला बोलावलं होतं." मी त्या मुलाची वकील. पण कायद्याच्या लेखी त्या वाक्याची किंमत शून्य. अठराच्या आतली संमती ही संमतीच नव्हे. पोक्सोत, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्यात, बलात्काराची किमान शिक्षा १० वर्षं, मुलगी सोळाच्या आतली निघाली तर २०.

"निघाली" हा शब्द मुद्दाम वापरला. वय ठरतं शाळेच्या दाखल्यावर, आणि आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो! पूर्वी गुरुजींनी अंदाजाने घातलेली तारीख. असे दाखले अजूनही समोर येतात, आणि त्यावर माणसाची दहा-वीस वर्षं तोलली जातात.

संमतीवयाचं भांडण आपल्याला नवं नाही. १८६०च्या दंडसंहितेत हे वय १० होतं. कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, आणि त्याला शिक्षा झाली फक्त एक वर्षाची. मुलगी दहाच्या पुढची, शिवाय बायको, म्हणून बलात्काराचं कलम लागूच होईना. मार्च १८९१ मध्ये वय १२ झालं. त्याआधी पुण्यात काय रण माजलं होतं! आगरकर बाजूने, भांडारकर धर्मशास्त्रातले आधार काढून बाजूने, टिळक विरोधात. टिळकांना बालविवाह हवे होते असं नाही. सोळाच्या आत मुलीचं लग्न करणार नाही असं सुधारकांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं, असंच ते सुचवत होते. परक्या सरकारने घरात शिरू नये, हा त्यांचा मुद्दा. मी आगरकरांच्या बाजूची. पण गंमत बघा, तेव्हा कायदा उंबरठ्याच्या आत नको होता. आज उंबरठा ओलांडलेली मुलगी परत आणायला घरच कायद्याला बोलावतं.

१९४०च्या दशकापासून २०१२ पर्यंत हे वय १६ होतं. पोक्सोच्या मूळ विधेयकातही सोळा ते अठरामधल्या संमतीला जागा होती, संसदीय समितीने ती काढायला लावली. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ मध्ये १६च ठेवा म्हटलं, तेही झालं नाही. एन्फोल्ड या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले पोक्सोचे ७,०६४ निकाल तपासले, त्यांतले १,७१५ प्रेमप्रकरणांचे होते. चारातला जवळजवळ एक. विधी आयोगाने २०२३ मध्ये वय कमी करू नका, पण सोळा ते अठरामध्ये न्यायाधीशांना शिक्षेत सवलतीची मुभा द्या, असं सुचवलं. मला हे अर्धवट वाटतं. न्यायाधीशापर्यंत पोचेस्तोवर पोराचं कॉलेज सुटलेलं असतं, बापाने जमीन गहाण टाकलेली असते.

तरीही सरसकट १६ करा म्हणणाऱ्यांत मी नाही. इथे माझ्या काही मैत्रिणी चिडतील. चाळिशीचा क्लासवाला सोळाच्या मुलीकडे बोट दाखवून "तिची मर्जी होती" म्हणेल, आणि उलटतपासणीत तिची सालं काढणारे आम्हा वकिलांतलेच असतील. मी ते पाहिलं आहे. म्हणून वय अठराच ठेवा, पण सोळा-सतराच्या मुलीचा आणि तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलाचा, जबरदस्ती नसलेला संबंध गुन्ह्यातून बाहेर काढा. शिक्षक, नातेवाईक, वॉर्डन, ज्यांच्या हातात तिचं काही अडकलेलं आहे, त्यांना ही सूट नको. आणि डॉक्टरवरची खबर देण्याची सक्तीही याच वयापुरती सैल करा. पोटुशी राहिलेली सतराची मुलगी आज सरकारी दवाखान्याची पायरी चढायला घाबरते, कारण तिथून पुढचा फोन पोलिसांना जातो. मग ती कुठे जाते, ते लिहायला नको.

आमची केस सुटली. मुलगा चौदा महिने आत होता.

साक्षीला मुलगी आली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. बाहेर बाकावर नवरा बसलेला, तिशीच्या आसपासचा, जातीतला. फिर्यादीनंतर पाचच महिन्यांत ऊसतोडीला निघायच्या आत घरच्यांनी उरकलं होतं. म्हणजे तेव्हाही ती सतराचीच. बायको अठराच्या आतली असली तर नवऱ्यालाही कायद्याची सूट नाही, हे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून झालंय. वय तेच, कायदा तोच, फिर्यादी बापही तोच. या वेळी मात्र तो पोलीस स्टेशनला गेला नव्हता.

पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे खबर देणं माझंही काम होतं. मीही गेले नाही.