प्रभाव मोजायचाय? गुरुवारी या!

शाळेतल्या स्वच्छता कार्यक्रमाचा प्रभाव मोजायला निघाला असाल, तर वार गुरुवारच निवडा. पुण्यात राहता ना? मग गुरुवारच्या पाणीबंदीबद्दल जास्त सांगत नाही. शुक्रवारी आलात तरी चालेल, त्या दिवशी पाणी ‘उशिरा व कमी दाबाने’ असतं.

मी सहावीची वर्गशिक्षिका. मतदारयाद्या, लिंक आणि ‘आज पाचपर्यंत माहिती पाठवा’ यातून उरलेल्या वेळात शिकवते. त्यामुळे संशोधनावर बोलायचा मला अधिकार नाही, मान्य. पण गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत एक टीम येऊन गेली आणि हे काम कसं करतात ते अगदी जवळून बघायला मिळालं. म्हटलं, तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी आकडा ठरवा. तो ठरला की बाकीचं सोपं जातं.

मग प्रश्नावली. ती इंग्रजीत लिहा आणि मराठी अशा माणसाकडून करून घ्या, ज्याने आयुष्यात सहावीतलं मूल पाहिलेलं नाही. आमच्या पोरांना विचारलं गेलं, ‘हस्तप्रक्षालनाच्या निर्णायक क्षणी तुमचे वर्तन कसे असते?’ निर्णायक क्षण म्हटल्यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘शेवटची ओव्हर!’ टॅबमध्ये तो पर्याय नव्हता. टीममधल्या ताईंनी ‘इतर’वर टिचकी मारली.

एकेका मुलाला बाजूला घेऊन विचारत बसू नका, दिवस जातो. सगळ्या वर्गाला एकदम विचारा, ‘संडासला जाऊन आल्यावर साबणाने हात धुता का?’ ‘होऽऽऽ!’ झाले शंभर टक्के. याच वर्गाला मी ‘गृहपाठ केला का’ विचारते तेव्हाही हाच सूर लागतो. पण मी काय, मी नुसत्या वह्या तपासते.

निरीक्षण करायचंच असेल तर गळ्यात ओळखपत्र घालून नळापाशीच उभे राहा. बांगलादेशातल्या खेड्यांत काही अभ्यासकांनी साबणाच्या वडीतच हालचाल टिपणारं यंत्र बसवलं होतं. घरात निरीक्षक येऊन बसला त्या दिवशी साबण सुमारे ३५ टक्के जास्त हलला. २०१० साली छापून आलंय हे. तुमच्या नुसत्या उभं राहण्याने एवढा प्रभाव पडतो, कार्यक्रमावर खर्च कशाला करता?

पहिली पाहणी जून-जुलैत ठेवा. नळाला गढूळ पाणी, निम्मा वर्ग तापाने किंवा जुलाबाने घरी. शेवटची पाहणी ठेवा फेब्रुवारीत. हवा छान, पोटं बरी. शिवाय १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. अल्बेंडाझोलची ४०० मिलीग्रॅमची गोळी आम्ही समोर उभं राहून चावायला लावतो. गोळी सरकारची, ओरडा बाईंचा, श्रेय तुमच्या पोस्टरचं. एवढं मात्र लक्षात ठेवा, २०२५ साली हे जमलं नसतं. जानेवारीतच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण निघाले आणि घरोघरी पाणी उकळायला लागलं. असं एखादं वर्ष आलंच, तर ‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हणून वगळून टाका.

तुलनेसाठी कार्यक्रम न झालेली एखादी शाळा? कशाला उगीच.

आणि फोटो. फोटोशिवाय प्रभाव पडत नाही. अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, सगळं त्यावर उमटलं पाहिजे. आमच्याकडे हात धुण्याची नवी जागा आहे. सहा नळ, मागे निळ्या टाइल्स, वर देणगीदाराचं नाव. एकेक अक्षर नळाएवढं. तिथे वीस मुलं ओळीत उभी केली. मी म्हटलं, ‘मॅडम, आज गुरुवार आहे, टाकी सकाळीच संपली.’ त्या म्हणाल्या, ‘असू दे हो टीचर, फक्त ॲक्शन करायचीये.’ मुलांच्या तळहातांवर लिक्विड सोप ओतला. फेस दिसायला हवा म्हणून स्वतःच्या बाटलीतलं पाणी थेंब थेंब शिंपडलं. फेस आला. मग हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं ‘सुमन-के’ साग्रसंगीत पार पडलं. सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. मराठी शाळेत हिंदीतून, वीस सेकंद मोजून. फोटो निघाले, ‘व्हेरी गुड’ झालं आणि टीम पुढच्या वर्गात गेली. इकडे वीस पोरं फेसाने माखलेले हात वर धरून उभी, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरांसारखी! तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, खिचडीचं पातेलं आलं. पिण्याच्या पाण्याच्या पिंपात तळाशी होतं नव्हतं ते मावशींनी तांब्या-तांब्याने हातांवर घातलं. आठव्या मुलापर्यंत पुरलं. बाकीच्यांनी हात चड्डीला पुसले, ओढणीला पुसले. एकीला मी पदर दिला. आणि त्याच हातांनी ती बारा पोरं जेवली. एक म्हणाली, ‘बाई, आज खिचडीला लिंबाचा वास येतोय.’

हात धुण्याचा प्रभाव मोजायला आला होतात ना तुम्ही?

जाताना माझी सही मागितली. मी वाचून सही करते, वाईट खोड आहे. ‘सहाही नळ सुस्थितीत.’ नळ आहे का, साबण आहे का, पोस्टर लावलंय का, सगळ्याला रकाने. पाणी येतं का, याला रकानाच नाही! विचारलं तर म्हणे, ‘ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही.’ मग काय येतं हो तुमच्या स्कोपमध्ये? फेस?

तीन वर्षांचे हजेरीपट माझ्या टेबलावर पडले होते. कुणी हात लावला नाही. महिन्यातले कुठले चार दिवस कुठली मुलगी येत नाही, ते मला पाठ आहे. केनियात न्यान्झा प्रांतातल्या शाळांमध्ये हात धुण्याचा आणि पाणी शुद्ध करण्याचा कार्यक्रम तपासला, तेव्हा मुलींची गैरहजेरी घटली, मुलग्यांची नाही. दोघांची वेगळी मांडली म्हणून तर कळलं ना ते! तुम्ही मला एक तरी प्रश्न विचारलात? मुलींच्या संडासाला कडी नाही. एक आत जाते तेव्हा दुसरी बाहेर दार ओढून धरते. सातवीच्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, जावं लागू नये म्हणून. ते दार तुमच्यापैकी कुणी ढकलून तरी बघितलं? तिथे निळ्या टाइल्स नाहीत, फोटो चांगला येत नाही. जरा तरी लाज बाळगा. तुमच्या रंगीत अहवालाच्या छपाईत दहा शाळांच्या कड्या बसतील.

पुढच्या वेळी एक कडी घेऊन या. चार स्क्रूही आणा, तेही इथे नाहीत. आणि त्या वीस जणांचा फोटो ‘आनंदी लाभार्थी’ म्हणून छापणारच असाल, तर कोपऱ्यातल्या तारखेशेजारी वारही छापा.