डीओचा फॉर्म ‘नंतर बघू’ म्हणून ठेवायचा नसतो

आज इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका आईचा मेसेज आला, मुलीच्या मेडिकल प्रवेशाबद्दल. इथे डॉक्टर व्हायच्या दोन पदव्या, एमडी आणि डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन), आणि दोन्हींच्या शाळा वेगळ्या. “एमडीकडून अजून एकही इंटरव्ह्यू नाही. आता डीओला टाकतोय. त्यांची मुदत मार्चपर्यंत आहे, त्यामुळे घाई नाही.” नोव्हेंबर अर्धा उलटलाय. खाली हात जोडलेल्या इमोजी आणि ‘ऑल द बेस्ट’ची रांग. एकालाही सांगावंसं वाटलं नाही की ताई, घाई होती, ती जूनमध्ये होती!

मार्च ही काही शाळांची अर्ज घ्यायची शेवटची मुदत आहे. डीओच्या बहुतेक शाळा रोलिंग पद्धतीने प्रवेश देतात. अर्ज येतील तसे वाचतात, ऑगस्ट-सप्टेंबरपासून इंटरव्ह्यू घेतात आणि होकार देत जातात. मार्चमध्ये अर्ज घेतात, फीसुद्धा घेतात, पण तोवर बरेचदा वेटलिस्टच उरलेली असते. अ‍ॅकोमास (डीओ शाळांच्या अर्जांचं सामाईक पोर्टल) मेच्या सुरुवातीला उघडतं आणि जूनच्या मध्याच्या सुमारास अर्ज शाळांकडे जायला लागतात. एमडीच्या अ‍ॅमकासचं वेळापत्रक जवळपास तेच. मग एक जूनमध्ये आणि दुसरा नोव्हेंबरमध्ये, हे कुणी ठरवलं?

या मुलीचंच बघा. एमकॅट ही प्रवेश परीक्षा एप्रिलमध्ये दिलेली, स्कोअर मेमध्ये हातात, चांगला. अ‍ॅमकास जूनमध्ये गेलं. निबंध तयार, प्रोफेसरांची पत्रं तयार. अ‍ॅकोमासला फार तर आठवडाभराचं काम होतं. मुख्य निबंधाची मर्यादा दोन्हीकडे ५,३०० अक्षरं. अ‍ॅक्टिव्हिटीचं वर्णन मात्र अ‍ॅमकासमध्ये ७०० अक्षरांचं आणि इथे ६०० चं, त्यामुळे नुसतं कॉपी-पेस्ट केलं तर शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटतं. सगळे कोर्सेस पुन्हा भरायचे, ट्रान्स्क्रिप्ट पुन्हा मागवायच्या, पत्रंही वेगळी मागवायची, कारण अ‍ॅमकासमधली इकडे दिसत नाहीत. आणि एमकॅटचा स्कोअर! तो अ‍ॅमकासला आपोआप जातो, अ‍ॅकोमासला स्वतः लॉगिन करून पाठवावा लागतो. हे न कळल्यामुळे फाइल ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहते आणि घरी सगळे शाळेच्या नावाने बोटं मोडत बसतात.

हेच आता नोव्हेंबरमध्ये करायचं म्हणजे प्रोफेसर परीक्षांत बुडालेले, मध्ये थँक्सगिव्हिंग, मग ख्रिसमस. अकरावीत कम्युनिटी कॉलेजमध्ये एखादा कोर्स केला असेल तर त्याचीही अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट लागते. ती हमखास विसरतात, आणि मग पोर्टलकडची पडताळणी (व्हेरिफिकेशन) तिथेच अडते. पुढे प्रत्येक शाळेची सेकंडरी, म्हणजे तिचा स्वतःचा दुसरा अर्ज, त्याचे निबंध, त्याची वेगळी फी. फाइल पूर्ण होईपर्यंत जानेवारी उजाडतो.

जानेवारीत टाकून जागा मिळालेली मुलं आहेत, मान्य. त्यांच्याच भरवशावर सगळे बसतात.

खरा राग मला तारखांचा नाही. ‘डीओ म्हणजे बॅकअप’ हे आपल्याच घरांतून मुलांच्या कानावर जातं. पुण्याची आत्या फोनवर विचारते, “म्हणजे हाडवैद्य का गं?” आणि आपण हसून विषय बदलतो. डीओला पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो. औषधं, शस्त्रक्रिया, सगळं. २०२० पासून रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची) मान्यताही एमडीबरोबर एकाच छत्राखाली आहे. शिवाय हाताने तपासायचं आणि उपचार करायचं साधारण २०० तासांचं जादा शिक्षण. हे ज्यांना ठाऊक आहे तेसुद्धा मुलीचा फॉर्म पाच महिने ड्रॉवरमध्ये ठेवतात! आणि शाळांना ते कळतं. ‘डीओच का?’ या निबंधात गोल गोल वाक्यं असतात. बऱ्याच शाळा डीओ डॉक्टरचं पत्र मागतात किंवा असेल तर बरं म्हणतात, आणि या मुलीने एकाही डीओच्या दवाखान्यात पाऊल ठेवलेलं नाही. न्यू जर्सीत स्ट्रॅटफर्डला रोवन विद्यापीठाची डीओ शाळा आहे, नदीपलीकडे फिलाडेल्फियात पीकॉम ही दुसरी. अंतराचं कारण सांगू नका.

लवकर टाकण्यात एक गोष्ट खुपते, तीही सांगते. होकार लवकर आला तर डिपॉझिट डिसेंबरच्या मध्यापर्यंत भरावं लागतं, तेही एमडीचा निकाल कळायच्या आत. हजार-दोन हजार डॉलर, कुठे त्याहूनही जास्त, आणि बरेचदा परत न मिळणारे. महाग आहे. एक वर्ष त्याहून महाग आहे.

बरं, सगळ्यांनीच जूनमध्ये उडी मारावी असंही नाही. एमकॅट झालेली नसेल किंवा स्कोअर ५०० च्या खाली असेल तर थांबा. स्कोअर यायला महिना लागतो, म्हणजे सप्टेंबरमध्ये दिली तर ऑक्टोबर. जूनअखेर परीक्षा असेल तर अर्ज आधी एकाच शाळेला पाठवून व्हेरिफाय करून घ्या, स्कोअर बघून बाकीच्या शाळा जोडा. ‘कोर्स पुन्हा करा, जुना ग्रेड पुसला जातो’ हा सल्ला अजून फिरतोय. तो नियम २०१७ मध्ये गेला, आता दोन्ही ग्रेड धरतात. टेक्सासवाल्यांनो, फोर्ट वर्थच्या टीकॉम या डीओ शाळेचा अर्ज अ‍ॅकोमासमधून नाही, टेक्सासच्या टीएमडीसॅस पोर्टलमधून जातो, आणि ते नोव्हेंबर लागेपर्यंत बंद होतं. एच-४ व्हिसावरच्या मुलांनी आधी यादी तपासावी, कारण बऱ्याच डीओ शाळा नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात.

त्या मुलीवर रागावण्यात काही अर्थ नाही. एकवीस-बावीसचं पोर, घरात जे ऐकलं तेच तिने केलं. तिच्या आईला मी खासगीत लिहिलंय की या वर्षी डीओला टाकू नका. आत्ता घाईने दहा शाळांना पाठवलं आणि नकार आले, तर मेमध्ये त्याच शाळा ‘मागच्या वेळेपासून काय बदललं?’ विचारतील, आणि खरं उत्तर असेल ‘फक्त अर्जाचा महिना’. एमकॅटचा स्कोअर बहुतेक शाळा दोन-तीन वर्षांपर्यंत धरतात, तो वाया जात नाही. हिवाळ्यात डीओ डॉक्टरकडे शॅडोइंग (सोबत राहून त्यांचं काम बघणं), मार्चमध्ये त्यांच्याकडे पत्राची विनंती, मेमध्ये दोन्ही अर्ज एकत्र. सेकंडरी आली की दोन आठवड्यांत परत. तोवर एमडीकडून बोलावणं आलं तर आनंदच आहे.

तेव्हा न्यू जर्सी-फिलाडेल्फिया पट्ट्यात शॅडोइंगला विद्यार्थी घेणारे डीओ तुमच्या ओळखीत असतील तर मला मेसेज करा, कमेंटमध्ये नाव-नंबर टाकू नका. फॅमिली मेडिसिनवाले मिळाले तर उत्तम, सर्जनही चालतील.